खेळातून नेमके काय मिळते?

लहान मुलांनी खेळत खेळत शिकावे, याला आज उघड विरोध करणारे कोणी उरलेले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा टप्पा ‘पायाभूत स्तर’ म्हणून वेगळा काढला. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला आणि खेळ ही शिकण्याची मुख्य रीत ठरली. २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ नावाची खेळसाहित्याची पेटी आली, २०२४ मध्ये अंगणवाड्यांसाठी ‘आधारशिला’ अभ्यासक्रम आला आणि त्याच वर्षापासून संयुक्त राष्ट्रे ११ जून हा आंतरराष्ट्रीय खेळ दिन पाळू लागली. नर्सरीची जाहिरात, खेळण्यांचे खोके आणि सरकारी परिपत्रक या तिन्हींची भाषा आता एकच आहे. तरीही कितीतरी बालवर्गांत चार वर्षांची मुले रेघी वहीत अक्षरे गिरवत बसलेली दिसतात. एवढी एकवाक्यता आणि एवढा थोडा अंमल जेव्हा एकत्र नांदतात, तेव्हा मूळ विधानातच काही ढिले आहे का, हे तपासावे लागते. ‘खेळ मुलांच्या विकासाला उपयोगी असतो’ हे विधान तसे ढिले आहे. तान्ह्या बाळाशी केलेले ‘बुवा कुक’, ठोकळ्यांचा मनोरा, भातुकली, लगोरी, सापशिडी आणि दोन भावंडांची लुटुपुटीची मारामारी या सगळ्यांना आपण खेळ म्हणतो, पण मुलाचे शरीर आणि मन प्रत्येकात वेगळेच काम करत असते. गेल्या शतकभरातला पुरावा एकत्र ठेवून पाहिला तर त्यातून एक मर्यादित, पण टिकाऊ निष्कर्ष निघतो: खेळ मुलाला मुख्यतः तेच देतो, जे मूल त्या खेळात प्रत्यक्ष करत असते. त्याहून फार लांबचे फळ तो क्वचितच देतो, आणि जवळचे फळही मोठ्यांनी हात किती घातला यावर अवलंबून राहते. हा निष्कर्ष खेळाची बाजू कमकुवत करत नाही. ती बाजू ज्या भाबड्या दाव्यांमुळे कमकुवत होते, ते मात्र तो दूर करतो.

खेळाला शिक्षणात जागा देणाऱ्या पहिल्या मंडळींतही खेळाविषयी एकमत नव्हते, हे आज सहज विसरले जाते. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतल्या ब्लँकेनबुर्गला बालशिक्षणाचे केंद्र काढले आणि लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन, दंडगोल असे साहित्य ठरावीक क्रमाने मुलांच्या हाती दिले. त्यांच्या लेखी खेळ हे बालपणाचे सर्वांत गंभीर काम होते, पण ते काम बऱ्यापैकी आखून दिलेले होते. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले. मुले बाहुल्या सोडून खरे काम पसंत करतात असे त्यांना दिसले, म्हणून काल्पनिक खेळाबद्दल त्या साशंकच राहिल्या. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी आणि पुढे त्यांच्याबरोबर ताराबाई मोडक यांनी माँटेसरींची पद्धत घेतली, पण गोष्ट, नाट्य आणि गाणे यांना तिथे मोकळी जागा दिली. या दोघांच्या नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना १९२६ ची. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले, नंतर ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे ताराबाई आणि अनुताई वाघ यांच्यापुढे प्रश्न वेगळा होता: महागडे साहित्य परवडत नाही आणि आदिवासी पाड्यावरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत. उत्तर म्हणून बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली आणि बिया, पाने, शिंपले, खडे हे साहित्य झाले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या केंद्रांना आज देशभर अंगणावरूनच अंगणवाडी म्हणतात. साहित्य ठरवून द्यावे की मोकळे, कल्पनेला वाव द्यावा की खऱ्या कामाला, मोठ्यांनी दाखवावे की थांबावे, हे आजच्या संशोधनातले वादाचे मुद्दे या सगळ्यांच्या कामात तेव्हाच आलेले होते.

मानसशास्त्राने या वादाला वर्गवारी दिली. अमेरिकेत मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये बालवाडीतल्या मुलांच्या निरीक्षणावरून एकट्याने खेळणे, दुसऱ्यांचा खेळ नुसता पाहणे, शेजारी बसून आपापले खेळणे आणि मिळून खेळणे असे प्रकार मांडले. जाँ पियाजे यांनी १९४५ च्या ग्रंथात खेळाची चढती भाजणी लावली: आधी हालचालींची पुनरावृत्ती, मग काठीचा घोडा करणारा प्रतीकात्मक खेळ आणि शेवटी नियमांचे खेळ. लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३३ मधल्या व्याख्यानात उलट बाजूने विचार केला. त्यांच्या मते कल्पनेच्या खेळातही नियम असतातच, कारण ‘आई’ झालेल्या मुलीला आईसारखेच वागावे लागते. आणि या स्वतःहून पत्करलेल्या बंधनामुळे मूल खेळात आपल्या रोजच्या वागण्याच्या पुढे जाते. पियाजेंना खेळ मुख्यतः झालेल्या वाढीची खूण वाटला, व्हिगॉट्स्कींना तो वाढीचे कारण वाटला. दोघेही बारकाईने पाहणारे होते, पण नुसत्या निरीक्षणाने हा वाद मिटत नाही. जास्त खेळणारे मूल जास्त बोलके असेल, तर खेळामुळे ते बोलके झाले की बोलके म्हणून जास्त खेळते, हे ठरवायला तुलनेचे प्रयोग लागतात. म्हणून पुढे प्रत्येक प्रकाराबद्दल तोच प्रश्न विचारला पाहिजे: यात कारण-परिणाम कितपत सिद्ध झाला आहे?

सर्वांत भक्कम उत्तर सर्वांत लहान वयातून मिळते. १९८६-८७ मध्ये जमैकातल्या किंग्स्टनमध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुपोषणाने वाढ खुंटलेली ९ ते २४ महिन्यांची १२९ मुले निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडले. काही गटांतल्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला जाई, टाकाऊ वस्तूंची खेळणी नेई आणि बाळाशी खेळावे कसे, बोलावे कसे हे आईला करून दाखवी. वीस वर्षांनी घेतलेला या मुलांचा मागोवा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ज्यांच्या घरी हा खेळ पोचला होता, त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती; वाढ न खुंटलेल्या शेजारच्या मुलांना त्यांनी जवळजवळ गाठले होते. त्याच धर्तीचा कार्यक्रम पुढे ओडिशातल्या कटकच्या वस्त्यांमध्ये करून पाहिला, तेव्हा तिथेही मुलांची आकलनक्षमता वाढलेली दिसली. या प्रयोगात खेळ म्हणजे नेमके काय होते, हे नीट पाहायला हवे. डब्यात खडे घालून केलेला खुळखुळा हा निमित्त होता. बाळाने आवाज केला की आईने उत्तर द्यायचे, बाळाने बोट दाखवले की त्या वस्तूचे नाव घ्यायचे, ही देवाणघेवाण हे खरे काम होते. २०१६ मध्ये अमेरिकेत २६ आई-बाप आणि बाळांच्या जोड्यांवर झालेला एक छोटा अभ्यास हेच दुसऱ्या टोकाने दाखवतो: दिवे लागणारी आणि गाणी म्हणणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी हाती होती तेव्हा पालक कमी बोलले, आणि बाळांनीही कमी आवाज काढले. खेळणे बोलू लागले की माणूस गप्प होतो. वर्षाच्या आतल्या बाळाला ‘शैक्षणिक’ खेळणे घेण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवले तरी बरेच पैसे वाचतील.

मूल चालू-पळू लागले की शरीराचे खेळ सुरू होतात: शिवाशिवी, लंगडी, सूरपारंब्या, फुगडी, झाडावर चढणे, एकमेकांवर लोळणे. यातून बळ, तोल आणि चपळाई येते हे सांगायला प्रयोग लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी किमान १८० मिनिटांची हालचाल सुचवली. आपल्याकडे ही वेळ भरायला सोसायटीचे आवार आणि रहदारीचा रस्ता यांच्यामधली जागाच उरलेली नाही. वादाचा मुद्दा पुढचा आहे. लुटुपुटीच्या मारामारीतून मूल स्वतःला आवरायला शिकते का? कॅनडात सर्जिओ पेलिस यांनी उंदरांवर केलेल्या कामात, समवयस्कांशी झोंबाझोंबीची संधी न मिळालेल्या पिल्लांच्या मेंदूच्या पुढच्या भागाची घडण वेगळी होते आणि त्यांना इतर उंदरांशी जुळवून घेता येत नाही, असे दिसले. मुलांच्या बाबतीत असा प्रयोग करता येत नाही आणि करूही नये, म्हणून इथला निष्कर्ष अनुमानाच्या पातळीवरच ठेवावा लागतो. पण त्या अनुमानामागची क्रिया समजण्यासारखी आहे. लुटुपुटीच्या लढाईत जोर लावायचा, पण दुसऱ्याला लागू द्यायचे नाही, नाहीतर खेळच मोडतो. नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी २००७ मध्ये धोक्याच्या खेळांचे सहा प्रकार सांगितले: उंची, वेग, धारदार हत्यारे, आग-पाण्यासारख्या गोष्टी, झोंबाझोंबी आणि एकट्याने दूर जाणे. मूल यात भीतीचा अंदाज घ्यायला शिकते, हा त्यांचा युक्तिवाद. सूरपारंब्या खेळणारी पोरे फांदीचा अंदाज घेत वर चढतात, तेव्हा जोखीम मोजण्याचेच काम चाललेले असते. हात मोडण्याची भीती खरी आहे. तिच्यावरचा उपाय म्हणजे खाली माती असणे आणि जवळ लक्ष असणे. झाडच तोडून टाकणे हा नव्हे.

ठोकळे, वाळू, पाणी, डबे, दोऱ्या यांच्याशी चालणारा खेळ हा तिसरा प्रकार. इथे मूल वजन, आकार, आधार आणि क्रम यांच्याशी झटत असते, आणि अवकाशाची जाण वाढते याला बऱ्यापैकी आधार आहे. पण या प्रकारात सर्वांत बोलका निष्कर्ष मोठ्यांच्या वागण्याविषयी मिळाला. २०११ मध्ये एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांना नळ्यांचे एक विचित्र खेळणे दिले. त्यात चार करामती दडलेल्या होत्या. एक नळी ओढली की ती पिकपिक वाजायची, बाकीच्या शोधाव्या लागत. ‘हे बघ, हे असे चालते’ म्हणून ज्या मुलांना पिकपिक शिकवली, त्यांनी तीच करून पाहिली आणि खेळणे लवकर खाली ठेवले. ज्यांच्यासमोर ती जणू चुकून वाजली, त्यांनी बाकीच्या करामतीही शोधल्या. शिकवल्यामुळे मूल शिकवलेले पटकन उचलते आणि न शिकवलेले शोधायचे सोडते. यात मुलाचा मूर्खपणा नाही; जाणत्या माणसाने एकच गोष्ट दाखवली, तर दाखवण्याजोगे तेवढेच असणार, हा त्याचा तर्क बरोबरच आहे. पुण्यातल्या आयुका या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी काड्यापेट्या, स्ट्रॉ आणि सायकलच्या नळ्यांपासून बनवलेल्या खेळण्यांचे मोल इथे कळते. ही खेळणी मोडून बघता येतात, पुन्हा जोडता येतात, आणि त्यांचा एकच ठरलेला उपयोग नसतो.

चौथा प्रकार भातुकलीचा. खेळाचे समर्थक ज्याच्यावर सर्वांत जास्त भार टाकतात तो हाच. कल्पनेच्या खेळाने बुद्धी वाढते, सर्जनशीलता फुलते, दुसऱ्याचे मन कळते, असे सर्रास लिहिले जाते. २०१३ मध्ये अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी चाळीसेक वर्षांचे अभ्यास तपासले आणि या दाव्यांपैकी बरेचसे पुराव्यावर उभे नाहीत असा निर्वाळा दिला. अनेक जुन्या प्रयोगांत मुलांना तपासणाऱ्यालाच कोणते मूल कोणत्या गटातले ते ठाऊक होते. काही ठिकाणी फायदा भातुकलीचा की मुलाकडे लक्ष देणाऱ्या मोठ्या माणसाचा, हे वेगळे काढता येत नव्हते. भाषा आणि गोष्ट सांगण्याची क्षमता यांबाबत शक्यता उघडी राहिली, बुद्धी आणि सर्जनशीलतेबाबत आधार लंगडा निघाला. हा आढावा पचवणे खेळाच्या समर्थकांना जड गेले, पण तो पचवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मात्र त्याच्या शेजारी आणखी दोन गोष्टी ठेवायला हव्यात. सोव्हिएत रशियात मनुइलेन्को यांनी १९४८ मध्ये दाखवले, की ‘हलू नकोस’ एवढे सांगितल्यावर मुले जितका वेळ स्थिर उभी राहत, त्याहून बराच जास्त वेळ ती ‘तू पहारेकरी आहेस’ म्हटल्यावर उभी राहत. २०१७ मध्ये अमेरिकेत चार आणि सहा वर्षांच्या मुलांना कंटाळवाणे काम देऊन शेजारी मोहात पाडणारा खेळ ठेवला. स्वतःला बॅटमॅन समजणारी मुले कामाला जास्त वेळ चिकटली. दोन्हींत भूमिकेमुळे संयम त्या वेळेपुरता वाढला, तो आयुष्यभर टिकला असे कोणी म्हटलेले नाही. हे सगळे एकत्र केले तर भातुकलीचे खरे दान स्पष्ट होते. ‘आता तू पाहुणी, मी आई, हे पान म्हणजे पोळी’ असे ठरवताना मूल बोलते, वाटाघाटी करते, दुसऱ्याने ठरवलेले मान्य करते आणि आपल्या भूमिकेत राहते. त्याला सराव या गोष्टींचा होतो. बुद्ध्यंक वाढवण्याचे काम भातुकलीकडे सोपवणे हा तिच्यावरच अन्याय आहे.

नियमांच्या खेळांत ‘जे करतो तेच मिळते’ हा मुद्दा सर्वांत स्वच्छ दिसतो. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांबरोबर १ ते १० आकड्यांच्या सरळ रांगेतल्या पटावर एक साधा खेळ खेळला. दोन आठवड्यांत चार बैठका, प्रत्येकी सुमारे पंधरा मिनिटे, एवढ्यावर आकड्यांची लहानमोठी जाण सुधारली. तशाच पटावर आकड्यांऐवजी रंग होते, त्या मुलांना फायदा झाला नाही. आकडे गोलाकार मांडले तेव्हाही फायदा कमी पडला. पुढे शंभर घरांच्या पटावर लास्की आणि सीग्लर यांनी एक बारीक फरक केला. बत्तिसाव्या घरावर असताना दान तीनचे पडले, तर काही मुले ‘एक, दोन, तीन’ म्हणत पुढे गेली, काहींना ‘तेहतीस, चौतीस, पस्तीस’ म्हणायला लावले. शिकली ती दुसरी मुले. आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत लाखो घरांत सापशिडी खेळली जाते आणि बहुतेक सोंगट्या ‘एक, दोन, तीन’वर चालतात, पट तोच, खेळ तोच, पण तोंडातला आकडा बदलला की शिक्षण बदलते. मन आवरण्याच्या खेळांचेही तसेच. ‘तळ्यात-मळ्यात’मध्ये पाय उचलायचा मोह आवरावा लागतो, ‘चिमणी भुर्र, कावळा भुर्र’ चालू असताना ‘म्हैस भुर्र’ आले की वर निघालेला हात थांबवावा लागतो. मानसशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत संयम मोजायला ज्या कसोट्या वापरतात त्या याहून फार वेगळ्या नसतात. मेगन मॅकलेलंड आणि शॉना टॉमिनी यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या बालवाडीत असेच थांबा-चला धर्तीचे खेळ घेतले, तेव्हा सुरुवातीला ज्यांचा संयम कमी होता अशा मुलांत सुधारणा दिसली. सगळ्यांत दिसली असती तर बरे झाले असते, पण गरज होती तिथे ती दिसली.

मोठ्यांशिवाय चालणाऱ्या गल्लीतल्या खेळांत आणखी एक सोय होती, तिच्याकडे संशोधनाने फारसे पाहिलेले नाही. चार वर्षांच्या धाकट्याला मोठी मुले ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेत. तो पळायचा, लपायचा, पण त्याच्यावर राज्य यायचे नाही. खेळाचे नियम समजण्याआधीच त्याला खेळात राहता येई आणि पाहून पाहून एक दिवस तो पक्का भिडू होई. पार्टन यांच्या वर्गवारीत नुसते पाहणारे मूल आणि मिळून खेळणारे मूल असे दोन वेगळे कप्पे आहेत; कच्चा लिंबू त्या दोन कप्प्यांमधला पूल आहे. व्हिगॉट्स्की ज्याला जाणत्याच्या मदतीने पुढचे पाऊल म्हणतात, ते इथे कोणी शिक्षक नसताना घडते. त्यासाठी वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र लागतात. आजच्या बालवर्गात वयाची काटेकोर विभागणी असते आणि संध्याकाळचे क्लासही वयवार असतात. म्हणून ही सोय आता आपोआप मिळत नाही, ती मुद्दाम करावी लागते.

एवढा पुरावा पाहिल्यावर ‘जवळचे मिळते, लांबचे नाही’ या निष्कर्षाची सर्वांत कडक कसोटी भारतातच लागली, हे नमूद करायला हवे. मोइरा डिलन, एलिझाबेथ स्पेल्की, एस्थर द्युफ्लो आणि सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ या संस्थेच्या साथीने दिल्लीतल्या बालवर्गांमधील १५४० मुलांबरोबर चार महिने गणिताचे खेळ घेतले: ठिपक्यांचे पुंजके पाहून जास्त कोणते ते सांगणे, आकारांतला वेगळा ओळखणे. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. ज्या अंदाजाच्या क्षमता खेळात वापरल्या होत्या, त्या सुधारल्या आणि वर्षभरानंतरही टिकल्या. पण शाळेत शिकवल्या जाणाऱ्या गणितात ती मुले पुढे गेली नाहीत. हा खेळाचा पराभव नव्हे. खेळात अंकांची चिन्हे आणि त्यांची नावे पुरेशी नव्हती, म्हणून ती आलीही नाहीत. सीग्लर यांच्या पटावर आकडे होते, म्हणून आकडे आले. ‘पी हळद अन् हो गोरी’ ही अपेक्षा खेळाकडून ठेवली तर निराशा ठरलेली, आणि अशा निराशेनंतर पहिली काट खेळाच्या तासावरच बसते.

मग प्रश्न उरतो मोठ्यांच्या हाताचा. मूल मोकळे सोडले तर शोधते, पण शोधाची दिशा ठरत नाही. शिकवले तर दिशा मिळते, पण शोध थांबतो. यातून निघालेला मार्ग म्हणजे मार्गदर्शित खेळ: उद्देश आणि मांडणी मोठ्यांची, चाल मुलाची. २०१३ च्या एका प्रयोगात चार-पाच वर्षांच्या ७० मुलांना भौमितिक आकार शिकवले. काहींना सरळ सांगितले, काहींना साहित्य देऊन सोडले, काहींबरोबर ‘या आकारांचे गुपित काय असेल?’ असा गुप्तहेरांचा खेळ खेळला. लांबट, तिरका, उलटा टेकवलेला त्रिकोणही त्रिकोणच, हे तिसऱ्या गटाला सर्वांत चांगले कळले आणि आठवड्याने आठवलेही. २०२२ मध्ये ३९ अभ्यासांचा एकत्रित हिशेब झाला. सुरुवातीचे गणित, आकारांची ओळख आणि एका कामावरून दुसऱ्यावर लक्ष वळवणे यांत मार्गदर्शित खेळ थेट शिकवण्याच्या पुढे होता. वाचन-लेखनासारख्या इतर अनेक बाबतींत स्पष्ट फरक दिसला नाही, म्हणजे निदान तोटा तरी नव्हता. यावर मोकळ्या खेळाचे कट्टर पुरस्कर्ते म्हणतील, की उद्देश मोठ्यांचा असेल तर तो खेळ कसला, ते गोड आवरणातले शिकवणेच. आक्षेपात तथ्य आहे. ‘चला, आता खेळूया’ म्हणत बाईंनी एकामागून एक प्रश्न विचारले आणि मुलांनी एका सुरात उत्तरे दिली, तर तो खेळ नसतोच. कसोटी सोपी आहे: मुलाला नियम बदलता येतो का, चूक केली तरी खेळ चालू राहतो का, आणि मुलाला तो सोडून देता येतो का? या तीनही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर मांडणी कोणी केली याने फरक पडत नाही.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे आणि तो अडाणीपणाचा म्हणून उडवून लावणे चुकीचे ठरेल. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी शाळेत जात आहे, तिथल्या आईला मुलाने अक्षरे आणि इंग्रजी शिकावे असे वाटते, कारण पहिलीत गेल्यावर शाळा तेच विचारणार. तमिळनाडूत अंगणवाड्यांना एक जादा अर्धवेळ सेविका दिली तेव्हा शिकण्या-शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला आणि मुलांचे गणित, भाषा तर सुधारलीच, शिवाय कुपोषणही कमी झाले. म्हणजे शिकवण्याला वेळ देणे वाया जात नाही. पण याच प्रयोगाचा अर्थ असाही आहे, की एरवी तिथे धड शिकवणेही नव्हते आणि खेळही नव्हता. एका सेविकेच्या वाट्याला आहार, वजने, नोंदवह्या आणि मोबाइलवरची माहिती भरणे हे सगळे आल्यावर दोन्हींचा बळी जातो. आसाम, राजस्थान आणि तेलंगणातल्या सुमारे १४ हजार मुलांवरच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बहुतेक केंद्रांत खेळ, गोष्टी आणि वयाला साजेशा कृती फार थोड्या होत्या, आणि पहिलीत जाणाऱ्या मुलांची तयारी अपुरी होती. खेळ विरुद्ध अभ्यास अशी लढत लावून पालकांना एका बाजूला ढकलण्यापेक्षा, अक्षर-अंकांपर्यंत पोचणारा खेळ दाखवणे हे त्यांच्या काळजीचे प्रामाणिक उत्तर आहे.

तिसरा आक्षेप मानववंशशास्त्राचा. डेव्हिड लॅन्सी यांनी वारंवार दाखवून दिले आहे, की जगातल्या अनेक समाजांत मोठी माणसे मुलांशी खेळत नाहीत. मुले मुलांशी खेळतात, मोठ्यांचे काम पाहतात, त्यात हात घालतात आणि व्यवस्थित वाढतात. तेव्हा आईने जमिनीवर बसून ठोकळे रचले पाहिजेत, हा आग्रह शहरी मध्यमवर्गाने आपली सवय जगावर लादण्याचा प्रकार आहे. हा आक्षेप बराचसा मान्य करावा लागतो. लिलार्ड यांच्याच नंतरच्या अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांनी अनेक कामे खोटीखोटी करण्यापेक्षा खरी करणे पसंत केले. शेंगा सोलणे, कणकेची गोळी वळणे, कोंबड्यांना दाणे टाकणे यांतून मिळणारे शिक्षण खेळण्यांच्या दुकानातून विकत मिळत नाही. पण जमैकाच्या प्रयोगाने हेही दाखवले, की गरिबी आणि कुपोषणाने जिथे संवाद आटला आहे तिथे बाहेरून दिलेले खेळाचे वळण आयुष्य बदलू शकते. मुलांची टोळी, मोकळी जागा आणि कामात गुंतलेली मोठी माणसे हे तिन्ही असेल तर पालकांनी वेगळे खेळण्याची गरज कमी. फ्लॅटमध्ये एकटे मूल आणि हातात मोबाइल असेल तर ती जास्त. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या सूचनांत दोन वर्षांखाली पडदा अजिबात नको आणि दोन ते पाच या वयात देखरेखीखाली जास्तीत जास्त एक तास असे म्हटले आहे. यामागचे कारण पडदा विषारी असतो हे नव्हे, तर पडद्यापुढे जाणाऱ्या वेळात वर सांगितलेल्या पाचही प्रकारच्या खेळांपैकी एकही होत नाही हे आहे.

शेवटी एक आक्षेप असा, की खेळाला उपयोगाच्या तराजूत घालायचेच कशाला. १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमाने खेळ हा हक्क मानला आणि भारताने १९९२ मध्ये ती संहिता स्वीकारली. हक्काला नफा सिद्ध करावा लागत नाही. हे पूर्ण मान्य आहे. मूल खेळते ते खेळावेसे वाटते म्हणून, आणि कोणताही फायदा निघाला नसता तरी खेळायची वेळ त्याचीच असती. पण हक्क मान्य केल्याने अंगणवाडीत माती, दोऱ्या आणि डबे येत नाहीत, वेळापत्रकात तास येत नाही, सेविकेला मदतीचा हात मिळत नाही. त्यासाठी कोणता खेळ काय देतो हे ठाऊक असावे लागते, कारण प्रत्येकाची सोय वेगळी: तान्ह्या बाळाला बोलणारे माणूस, पळत्या मुलाला जमीन, शोधणाऱ्याला मोडता येणाऱ्या वस्तू, भातुकलीला दोन-तीन सवंगडी आणि सलग वेळ, नियमांच्या खेळाला मिश्र वयाची मुले, आणि आकडे-अक्षरे यावीत असे वाटत असेल तर खेळात प्रत्यक्ष आकडे-अक्षरे आणि थांबायला शिकलेला शिक्षक. म्हणून नर्सरीच्या प्रवेशाच्या वेळी ‘तुमच्याकडे खेळातून शिकवतात का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याला सगळेच हो म्हणतात. मुले दिवसभरात कोणकोणते खेळ खेळतात, सलग किती वेळ, आणि त्यातली सूत्रे कोणाच्या हाती असतात, हे विचारावे. जिल्हा परिषदेने, महापालिकेने आणि महिला व बालविकास खात्याने स्वतःच्या केंद्रांनाही हेच तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे देता येणार नाहीत तोवर धोरणातला खेळ कागदावरच राहील.